न वाखाणलेलं झाड

"आपल्या झाडाला आपण छान म्हणायचं नसतं, माग्नुस. आणि छान म्हणायला कुणाला बोलवायचंही नसतं. ते भीक मागितल्यासारखं होतं. दिवा लावायचा, बाटली पुसून ठेवायची आणि वाट बघायची."

आई हे म्हणाली तेव्हा माग्नुसची हनुवटी टेबलाच्या कडेला जेमतेम पोचत होती. आता त्यानं सत्तरी ओलांडली होती, आईला जाऊन जमाना झाला होता, पण तो आवाज शेगडीतल्या ओल्या लाकडासारखा अजूनही अधूनमधून तडतडायचा. दिवा लावलेला होता. बाटली पुसून ठेवलेली होती. छोटे पेले टेबलावर उपडे घातले होते. बैठकीत झाड उभं होतं, हिरवंगार, अंगभर गवताच्या काड्यांच्या चांदण्या ल्यालेलं. येत नव्हता तो फक्त माणूस.

हिंटरमोस गावात नाताळ उलटला की लोक टोळ्या करून घरोघर फिरतात. बैठकीत शिरायचं, झाडापुढं उभं राहायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "वा, काय झाड आहे!" एवढं म्हटलं की यजमानाला पेला भरावाच लागतो. झाड वाकडं असो, खुजं असो, शेजाऱ्याच्या रानातून चोरलेलं असो, त्याला सुंदर म्हणायचं आणि पुढं व्हायचं. गावच्या बँडात सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकणारा गेबहार्ट तर नुसतं बोलत नसे, गाणंच म्हणत असे:

हिरव्या रे झाडा, तुझी फांदी फांदी डुले,
मालकाच्या हाती कशी बाटली ती खुले!

माग्नुसची बायको आफ्रा होती तोवर या घरात पेले विसळायला उसंत मिळत नव्हती. तिची नासपतीची दारू अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेली. पण वसंतात, सफरचंदांना फुलं येत होती तेव्हा, आफ्रा गेली. आणि ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय, त्या घरात पेला मागायला जायचं नाही, अशी गावची रीत. रीत चांगली होती. सगळे ती मनापासून पाळत होते. प्रत्येकजण माग्नुसच्या दुःखाला इतका जपत होता की त्या दुःखाला भेटायलाच कुणी उरलं नव्हतं.

माग्नुस खिडकीशी बसून टोळ्या ऐकायचा. गाणी म्हणत, एकमेकांना ढकलत लोक चढ चढून यायचे. त्याच्या फाटकाशी आले की एकदम गप्प. टोप्या निघायच्या. बर्फावर बूट हळू पडायचे. फाटक मागं पडलं की पुन्हा हशा फुटायचा. जन्मभर दुधाची टाकी असलेली गाडी चालवून त्यानं रोज सकाळी गावातल्या प्रत्येक अंगणात पाय ठेवला होता. सगळ्या कुत्र्यांना त्याचा वास ठाऊक होता. आणि आता त्याच्याच अंगणावरून माणसं देवळातल्यासारखी चवड्यांवर जात होती.

त्याला एवढंच कळत होतं: जे झाड न वाखाणता घराबाहेर जातं, त्या घराची वाट टोळ्या विसरतात. यंदा कुणी आलं नाही, तर पुढच्या वर्षीही येणार नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही की इथं कधी झाड असायचं.

कदाचित झाड रस्त्यावरून दिसत नसेल, असं वाटून त्यानं ते ओढत खिडकीत आणलं. त्या ओढाताणीत सुयांसारखी पानं गळली, पण फार नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून बुर्गानं हाक दिली. बुर्गा म्हणजे शेजारीण, त्याच्याच वयाची, एकटी. मुलगी म्युनिकला.

"माग्नुस, झाड खिडकीत का रे आणलंस?"

"हवा लागावी म्हणून."

"या थंडीत?"

"त्याला आवडते."

बुर्गानं झाडाकडं पाहिलं, माग्नुसकडं पाहिलं, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि बर्फ लोटायचं फावडं घेऊन आत गेली. "आत ये की," हे तीन शब्द माग्नुसच्या जिभेवर आले होते. पण आईनं मोडता घातला.

सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला. गावानं झाडं उतरवली. अग्निशमन दलाचा प्रमुख क्विरिन ट्रॅक्टर घेऊन दारोदार फिरू लागला. हिवाळा जाळायच्या होळीसाठी तो दरवर्षी सगळी झाडं गोळा करतो.

"काका, झाड?" त्यानं फाटकातूनच विचारलं.

"आत ये ना. स्वतःच बघ एकदा कसं आहे."

"बूट चिखलानं लडबडलेत, काका. तुम्ही द्या इथंच."

"मग राहू दे. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत ठेवतो. जुने लोक ठेवायचे."

"तोवर नुसता खराटा उरेल!"

"खराटा तर खराटा. माझा आहे."

क्विरिननं टोपीला हात लावला. दुःखी माणसाशी वाद घालायचा नाही, हेही रीतीतच होतं.

क्विरिनचं मात्र खरं ठरलं. झाड गळू लागलं. आधी शेंड्याजवळ, मग मध्ये, मग सगळीकडं. माग्नुस टकली बाजू भिंतीकडं वळवायचा. वळवताना दुसरी बाजू टकली व्हायची. शेवटी कुठलीही बाजू भिंतीकडं केली तरी झाडाची लाजच दिसू लागली. आता एखादी टोळी चुकून आली असती, तरी "वा" म्हणताना तिला घशात सुई अडकल्यासारखं झालं असतं.

माग्नुसच्या बैठकीची मागची खिडकी चर्चच्या आवारात उघडायची. थंडीत गावातली सगळी थडगी फरच्या झाडाच्या फांद्यांनी झाकलेली असतात, जणू प्रत्येकानं पायापासून गळ्यापर्यंत हिरवी गोधडी ओढून घेतली आहे. आफ्राची गोधडी सगळ्यांत जाड होती. माग्नुसनंच अंथरली होती, आणि प्रेमाच्या भरात जरा जास्तच.

दुपारी सगळं गाव सूपच्या वाडग्यावर वाकलेलं असताना तो गुपचूप मागच्या फाटकातून शिरला आणि थडग्याशी उभा राहिला.

"आफ्रा, दोन घेऊ का गं? तुला पुष्कळ आहेत."

आफ्रा जिवंतपणीही अशा बाबतीत काही बोलत नसे. त्यानं दोन घेतल्या. मग दोनांनी एकच बाजू भरते म्हणून आणखी घेतल्या. कोटाखाली लपवून आणल्या, तारेनं झाडाच्या अंगाला आवळून बांधल्या. झाड पुन्हा हिरवं झालं. थोडं विचित्र, खांद्यात जाड आणि कमरेत बारीक, पण हिरवं.

दुसऱ्याच दिवशी दार वाजलं. क्विरिन होता. आणि काय आश्चर्य, तो बूट काढून स्वयंपाकघरात आला. खुर्ची ओढून बसला.

"काका, मन घट्ट करा. आफ्राकाकूंच्या थडग्यावरच्या फांद्या कुणीतरी चोरल्या."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून माग्नुसनं तोंड उघडलं. तेवढ्यात क्विरिननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. किती दिवसांनी कुणीतरी त्या खांद्यावर हात ठेवला होता! तोंड उघडलं होतं तसंच मिटलं.

"बोलू नका काही," क्विरिन म्हणाला. "समजतंय मला. मेलेल्याचं पांघरूण ओढणारा माणूस नव्हे, काका, जनावर आहे जनावर. पण मी त्याला सोडत नाही. तुमच्या बैठकीच्या मागच्या खिडकीतून सगळं आवार दिसतं ना? आजपासून तिन्हीसांजा झाल्या की आम्ही इथं पहारा द्यायला बसणार. मी, गेबहार्टकाका आणि बुर्गाकाकू. काकूंची नजर तीक्ष्ण आहे."

"बुर्गा येणार?"

"त्यांनीच तर ही खिडकी सुचवली."

क्विरिन गेला तसा माग्नुस बैठकीत धावला. ज्या झाडासाठी त्यानं माणसांची वाट पाहिली होती, ते झाडच आता माणसांपासून लपवायचं होतं! त्यानं ते फरफटत टाइल लावलेल्या मोठ्या शेगडीमागं, कोपऱ्यात नेलं आणि आफ्राची पांढरी चादर त्यावर टाकली. ऊब थेट झाडाला लागत होती, पण करतो काय, दुसरा कोपराच नव्हता.

तिन्हीसांजेला तिघं आले. दिवे लावायचे नाहीत, हा क्विरिनचा हुकूम. चोराला चाहूल लागता कामा नये. चौघं अंधारात खिडकीशी ओळीनं बसले. बाहेर बर्फाचा निळा उजेड. बुर्गानं भांड्यात सूप आणलं होतं, गेबहार्टनं भाजलेला सॉसेज. माग्नुसनं बाटली काढली.

"झाडाला काही म्हणायचं नाही, नुसतंच प्यायचं?" गेबहार्ट कुजबुजला. "जरा ओशाळल्यासारखं होतंय."

"झाडाचा खराटा झाला, मागं ठेवलाय. हे थंडीवर औषध समज," माग्नुस म्हणाला.

"मग दुखणं जुनं आहे माझं. भर."

अंधारात माणसं जास्त बोलतात. गेबहार्टनं गुडघ्याचं सांगितलं. क्विरिननं सांगितलं की या हिवाळ्यात गावात एकही आग लागलेली नाही, नवी शिडी तशीच पडून आहे, आणि असं म्हणू नये, पण वाईट वाटतं. बुर्गानं आफ्राचं सांगितलं, दारू गाळताना ती नासपतींवर कशी रागवायची. माग्नुस हसला. आपल्या हसण्याचा आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

तेवढ्यात कोपऱ्यातून सुया गळल्याचा आवाज आला. टप. टपटप. टप.

"माग्न्या, उंदीर झालेत रे तुझ्याकडं," गेबहार्ट म्हणाला.

"झालेत खरे."

"उद्या माझी मिन्का आणतो."

दुसऱ्या दिवशी मिन्का मांजर आली. त्या मोहिमेत तीच एक प्रामाणिक होती. तिला उंदराचा वास लागला नाही, म्हणून ती बुर्गाच्या मांडीवर जाऊन झोपली.

असे काही दिवस गेले. माग्नुस सकाळी उठून पाव आणायला जाऊ लागला, दाढी करू लागला, खुर्च्यांवर उशा ठेवू लागला. चोर मात्र येईना. येणार कसा? तो आत बसून पेले भरत होता.

"बंद करू या हे," एका संध्याकाळी क्विरिन जांभई देत म्हणाला. "घाबरला असेल. आता यायचा नाही."

"येईल की!" माग्नुस एवढ्या घाईनं बोलला की मांजर जागी झाली. "चोराला चटक लागलेली असते."

"उद्याचा दिवस बघू. काही झालं नाही तर मेणबत्त्यांच्या सणाला आपापल्या घरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूपच्या वेळेला, माग्नुस पुन्हा आफ्रापुढं उभा होता.

"एवढीच खेप, आफ्रा. माणसं जातायत बघ."

दुसऱ्या थडग्याला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो काही चोर नव्हता. त्यानं आफ्राची पायाकडची बाजू उघडी केली आणि त्याही फांद्या चादरीखालच्या झाडाला बांधल्या. फेकायच्या वेळेला माग्नुसचं झाड नाताळात होतं त्याहून घनदाट झालं होतं.

गाव पेटलं. "आफ्रावरच का दात धरलाय मेल्यानं?" असं पावाच्या दुकानात बाया म्हणू लागल्या. क्विरिनचे डोळे लकाकू लागले. पहारा चालू राहिला.

मेणबत्त्यांच्या सणाला तिघं चर्चमधून थेट आले, हातात मंतरलेल्या मेणबत्त्या घेऊन. नेहमीप्रमाणे अंधारात बसले. क्विरिन खिडकीला नाक लावून. गेबहार्ट पेल्याला. मिन्का कुठंतरी. माग्नुसला माहीत होतं, झाड ठेवायचा हा शेवटचा दिवस. उद्या झाड घरात दिसलं तर हसं होईल. ते आलं तसंच जाणार होतं, चादरीखाली, कुणी काही न म्हणता.

"मी मेणबत्ती लावते," बुर्गा एकदम म्हणाली.

"काकू, चोर पळेल!"

"पळू दे. आजच्या दिवशी मेणबत्ती हातात घेऊन काळोखात बसायचं? देवाला तोंड दाखवायचंय मला."

"बुर्गा, नको गं," माग्नुस म्हणाला. पण काडी ओढली गेली होती.

आणि नेमकं तेव्हाच मिन्काला शेवटी काहीतरी करायचं सुचलं. शेगडीमागं चादर हलली. ती पांढरी आकृती आधी थरथरली, मग डोक्याशी फुगली, मग दोन्ही हात पसरून, हळूहळू कंबरेत वाकत, उजेडात पुढं आली.

"आफ्रा!" गेबहार्ट ओरडला आणि खुर्चीसकट मागं गेला. "आफ्रा, माझी काही चूक नाही! मी फक्त पीत होतो!"

आफ्रा धाडकन पालथी पडली. चादरीतून मांजर निघाली आणि तिच्यामागून झाड. सुयांचा पाऊस पडला. तारा तटातट तुटल्या. फरच्या ताज्या, जाड फांद्या जमिनीभर पसरल्या. त्यांतल्या एकीला थडग्यावर बांधतात तसली जांभळी फीत अजून लोंबत होती.

क्विरिननं आधी मेणबत्ती विझवली, मग छतावरचा दिवा लावला. तो फांद्यांकडं बघत राहिला. फितीकडं. शेगडीकडं. त्याचा चेहरा लाल झाला.

"शेगडीला खेटून वाळकं झाड! त्यावर चादर! काका, मी अग्निशमन दलाचा प्रमुख रोज त्याच्या शेजारी बसत होतो!" मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि आवाज खाली उतरला. "आणि ह्या फांद्या..."

"चोर मीच," माग्नुस म्हणाला.

क्विरिननं ती जांभळी फीत उचलली.

"पण का, काका? आम्ही इथं गारठत होतो! बर्फात पावलं मोजत होतो मी!"

"झाडाला टक्कल पडलं होतं रे." माग्नुस खुर्चीत बसला. त्याला कुणाकडं बघवेना. "कुणी आलं, तर निदान बरं दिसावं."

क्विरिननं तोंड उघडलं. पण गेबहार्ट जमिनीवरून उठला होता. त्यानं झाडाचा शेंडा धरला, झाड उभं केलं. अर्धं अंग उघडं, अर्ध्यावर परक्या फांद्या उलट्यासुलट्या लटकलेल्या, एक चांदणी मिन्कानं चावलेली. गेबहार्टनं टोपी काढली. घसा साफ केला.

"वा," तो म्हणाला. "काय झाड आहे! असं झाड मी जन्मात पाहिलं नाही."

आणि यात तिळमात्र खोटं नव्हतं.

माग्नुस उठला. घाईत पहिला पेला थोडा सांडला. मग क्विरिननंही टोपी काढली. "मीही पाहिलं नाही, देवाशपथ," असं म्हणून त्यानं पेला पुढं केला.

"तुझ्या फाटकाशी रोज येऊन थबकत होतो रे आम्ही," गेबहार्ट दुसरा पेला घेताना म्हणाला. "दुःखाच्या घरात मागायचं कसं?"

"मागायचं, लेका. दुसऱ्या घरांतल्या बाटल्या तर रिकाम्याच झालेल्या असतात."

दोघा पुरुषांनी झाड बाहेर काढलं. दारात ते अडकलं, कारण त्याला आता एका झाडापेक्षा जास्त फांद्या होत्या. त्या तिथंच उंबऱ्यावर सोडवून गेबहार्टनं एकेक करून आफ्राच्या अंगावर परत घातल्या, तिची क्षमा मागत. उरलेला खराटा क्विरिननं होळीच्या ढिगावर नेऊन टाकला. ढीग केव्हाच रचून झाला होता, म्हणून खराटा सगळ्यांत वर बसला.

माग्नुस आणि बुर्गा मागं राहिले. तो चादर झटकत होता, ती सुया झाडत होती. कितीही झाडल्या तरी संपत नव्हत्या. उद्यापासून पहारा नव्हता. खुर्च्या पुन्हा भिंतीला लावायच्या होत्या. माग्नुसनं एक उचलली आणि कुठं ठेवावी ते न सुचून तशीच धरून उभा राहिला.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही आवार दिसतं," बुर्गा सुपड्याकडं बघत म्हणाली.

"माहीत आहे."

"दुपारचं सूप मी खिडकीशी उभ्यानंच पिते. एकटीसाठी टेबल मांडवत नाही." तिनं सुपडं खाली ठेवलं. "पहिल्या दिवशीही उभीच होते, माग्नुस. तू कोटाखाली फांद्या घालून आलास ना, तेव्हा. दुसऱ्या खेपेलाही."

माग्नुसनं खुर्ची खाली ठेवली.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला? मग बोलली का नाहीस? दोन शब्द बोलली असतीस तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं."

"मिटलं असतं ना. म्हणून तर नाही बोलले." बुर्गानं केरसुणी भिंतीला टेकवली. तिला तिचे हात कुठं ठेवावेत कळेना. "बोलले असते तर संध्याकाळी मी कुठं बसले असते? माझ्या घरी यंदा झाडसुद्धा नव्हतं रे."